एटीएममधून नोटा आल्याच नाहीत, आणि बँक म्हणते 'ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल'

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दहा हजार काढायला गेल्या, मशीन 'प्लीज वेट'वर अडकलं, नोटा नाहीत, स्लिप नाही, पण पैसे गेल्याचा मेसेज लगेच आला. त्यांच्या बँकेने तक्रार घेतली, आठवड्याभरात पैसे जमाही केले आणि दीड महिन्याने काही न सांगता परत काढून घेतले. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "सिस्टीमला सक्सेसफुल दाखवतंय मॅडम, ज्यांचं एटीएम आहे त्यांच्याकडे जा, नाहीतर पोलिसात जा." आता त्या विचारतात की केस टाकू का.

ताई, सगळ्यात आधी त्या दुसऱ्या बँकेच्या चकरा बंद करा. एटीएम कोणाचंही असो, कार्ड ज्या बँकेचं तक्रार त्याच बँकेकडे करायची आणि पुढे एटीएमवाल्या बँकेशी भांडायचं कामही तिचंच. तुम्हाला आधी मिळालेले पैसे हे तात्पुरतं क्रेडिट होतं. तुमच्या बँकेने त्या बँकेवर क्लेम टाकला, त्यांनी "नोटा बाहेर पडल्या" म्हणून तो परतवला, की इकडे तुमच्या खात्यातून रक्कम वजा. म्हणजे दोन बँकांनी आपसात ठरवून टाकलं आणि जिचे पैसे गेले तिला कोणी कागदाचा एक कपटाही दाखवला नाही. काउंटरवरची मुलगी स्क्रीन बघून जे वाचून दाखवते ना, ते बँकेचं म्हणणं झालं, पुरावा नाही.

पुरावा वेगळाच असतो आणि तो लेखी मागायचा. मशीनच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद होत असते, तिला इलेक्ट्रॉनिक जर्नल म्हणतात, बँकेत नुसतं 'ईजे' म्हणतात. त्यात किती वाजता कार्ड घातलं, कोणत्या कॅसेटमधून, म्हणजे मशीनमधल्या नोटांच्या पेटीतून, किती नोटा निघाल्या, मध्ये एरर आला का, हे सगळं कोडमध्ये दिसतं. नुसतं 'सक्सेसफुल' असं एका ओळीचं पत्र दिलं तर घेऊ नका, त्या व्यवहाराचा पूर्ण ईजे मागा, आणि त्याच्या आधीचा नि नंतरचा व्यवहारही मागा कारण मशीन अडकलं असेल तर ते तिथे लक्षात येतं. दुसरं म्हणजे त्या मशीनचा कॅश टॅली रिपोर्ट. नोटा बाहेर आल्या नसतील तर मशीनमध्ये तेवढी रक्कम जास्त निघायला पाहिजे, साधा हिशोब आहे. आणि तिसरं सीसीटीव्ही फुटेज. याची घाई करा, फुटेज कायमचं ठेवत नाहीत आणि तुमचे दोन महिने असेच गेलेत. अर्जात "तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हे फुटेज जपून ठेवावं" असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे "आता उपलब्ध नाही" म्हणाले तर ते त्यांच्याच अंगावर येतं. अर्ज शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या, शिवाय बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. फोनवरच्या तक्रारीचा नंबर असेल तर तोही टाका, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका.

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. खात्यातून पैसे गेले पण नोटा आल्या नाहीत तर व्यवहाराच्या तारखेपासून 5 दिवसांत बँकेने पैसे परत द्यायचे आणि त्यापुढच्या दर दिवसाच्या उशिराला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. मागितल्याशिवाय कोणी देत नाही हा भाग वेगळा. मधले जे दिवस पैसे तुमच्या खात्यात होते ते सोडून बाकीचे दिवस मोजून आकडाच लिहा. अर्थात व्यवहार फेल होता हे ठरलं तरच ही भरपाई.

बँकेने नकार दिला किंवा 30 दिवस काहीच उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, म्हणजे तक्रारींसाठीच्या वेबसाइटवर, तक्रार भरता येते, फी नाही, आणि तिथे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, त्यामुळे माझी फी पण वाचली तुमची. फक्त तिथे जायलाही मुदत असते, वर्षभर कागद घेऊन बसू नका.

केस टाकायचं म्हणाल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या रकमेला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पण आयोगात आधी गेलात तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेणार नाही, म्हणून आधी लोकपाल, तिथे काम झालं नाही तर आयोग. दहा हजारासाठी तारखांवर तारखा घेण्यात मला तरी आत्ता अर्थ दिसत नाही.

आता एक अडचणीचं. तुम्ही लिहिलंय की "थोडा वेळ थांबून मी बाहेर आले आणि मागचा माणूस आत गेला". थोडा वेळ म्हणजे किती? स्क्रीन परत पहिल्यासारखी झाली होती का? कधी कधी मशीन अडकतं आणि नोटा उशिरा बाहेर येतात, मग त्या मागच्या माणसाने उचलल्या असतील तर ईजेमध्ये व्यवहार पूर्णच दिसणार, टॅलीही बरोबर येणार आणि तुमची बाजू बरीच लंगडी पडते. तसं फुटेजमध्ये दिसलं तर मात्र पोलिसात तक्रार द्यावीच लागेल, तोवर नको. जे झालं ते जसंच्या तसं, किती वेळ थांबलात त्या अंदाजासकट, पहिल्याच अर्जात लिहा, कारण नंतर फुटेजमधून वेगळं काही निघालं तर बँकेचा वकील आधी तेच पकडेल.