अडीच वर्षांचं पोर आणि सिंगापूर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. पाच दिवसांसाठी सिंगापूरला जातोय. टूरवाल्यांनी पहिल्याच दिवशी सकाळी प्राणिसंग्रहालय आणि रात्री नाइट सफारी ठेवली आहे. झेपेल का?

नाही झेपणार. जागा चांगल्या आहेत, क्रम चुकला आहे.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. घरी रात्री नऊला झोपणारं मूल तिथे साडेअकराला झोपेल आणि सकाळी साडेनऊशिवाय उठणार नाही. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत सकाळ जड जाते आणि संध्याकाळ सोपी. प्राणिसंग्रहालय साडेआठला उघडतं आणि तिथे सकाळचीच मजा असते, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा. गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेतला रोषणाईचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो. तेव्हा मुलाच्या पोटातलं घड्याळ सव्वापाच-सव्वासहाच दाखवत असतं, म्हणून तो पहिल्याच संध्याकाळी उरका. खेळ फुकट आहे आणि जेमतेम पंधरा मिनिटांचा. आवाज मोठा असतो, त्यामुळे उंच कृत्रिम झाडांच्या अगदी मध्यभागी न बसता कडेला बसा.

मुलाला पूर्णपणे तिथल्या वेळेवर आणायच्या भानगडीत पडू नका, पाच दिवसांत ते होत नाही. तासभर अलीकडे सरकवलं तरी पुरे : साडेआठला उठणं, साडेनऊला बाहेर, बारानंतर वातानुकूलित जागा, अडीच ते साडेचार हॉटेलवर झोप, साडेपाचला पुन्हा बाहेर. याला आणखी एक कारण आहे. सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्याही पुढे पळतं, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. एक ते तीन हा सगळ्यात वाईट वेळ, आणि विजांसह सरी कोसळतात त्याही बहुतेक दुपारीच. वातानुकूलित जागा आणि मुलाची झोप नेमकी तिथे बसवता येते. सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी उजेडात दीड तास मिळतो.

दिवसाला एकच मोठं ठिकाण. दुसरं हवंच असेल तर ते मधेच उठून येता येईल असं, म्हणजे तिकीट नसलेलं निवडा.

प्रश्न : स्ट्रोलर न्यावा की कडेवरच घ्यावं?

न्या, पण घडी घातल्यावर एका हाताने उचलता येईल असा. पोर बारा किलोचं, तापमान ३१-३२ अंश आणि हवा दमट. कडेवर घेऊन अर्ध्या तासात दोघंही घामाने निथळाल. भलीमोठी चारचाकी बाबागाडी मात्र नको.

मेट्रोच्या (तिथे सगळे एमआरटीच म्हणतात) स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि रुंद फाटकही असतं. अडचण एवढीच की लिफ्ट बहुधा फलाटाच्या एका टोकाला असते आणि बाहेर पडते ती रस्त्याच्या भलत्याच बाजूला. प्रत्येक बदलीला दहा मिनिटं जास्त धरा. सरकत्या जिन्यावर स्ट्रोलर नेऊ नका, पुढचं चाक पायरीच्या कडेला अडकतं. बसमध्ये उघडा स्ट्रोलर चालतो : व्हीलचेअरच्या जागेत, मुलाचं तोंड बसच्या मागच्या बाजूला, पट्टा बांधलेला, ब्रेक लावलेला. व्हीलचेअरवाला प्रवासी आला की जागा त्याची आणि स्ट्रोलर मिटायचा.

तिकिटासाठी आधी उंची बघतात. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांसोबत एमआरटी आणि बस मोफत. अडीच-तीन वर्षांची बरीच मुलं ही रेघ ओलांडतात, तेव्हा निघण्यापूर्वी भिंतीला उभं करून मोजून घ्या.

एक नियम आपल्याकडच्या आयांना हमखास गोत्यात आणतो. गाडीत आणि स्टेशनात खाणं-पिणं मना आहे, आणि त्यात साधं पाणीही येतं. दंड ५०० डॉलरपर्यंत. बाटली फाटकाच्या आत जाण्यापूर्वीच तोंडाला लावा.

प्रश्न : टॅक्सीत कारसीट लागते का?

१.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कारमध्ये योग्य आसन लागतं असा कायदा आहे. पिवळ्या-निळ्या वगैरे नेहमीच्या टॅक्सींना त्यातून सूट आहे, अॅपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. त्यामुळे ग्रॅब या (आपल्या ओला-उबरसारख्या) अॅपवरून साधी गाडी बोलावली तर मूल बघून चालक नकार देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. अॅपमध्ये ‘ग्रॅबफॅमिली’ हा पर्याय निवडा. भाडं जास्त पडतं, गाडी यायला वेळ लागतो, पण आसन मिळतं. सूट आहे म्हणून टॅक्सीत मांडीवर घेऊन बसणं कायद्यात बसेल, सुरक्षित होत नाही. जिथे एमआरटी जाते तिथे तीच बरी.

प्रश्न : प्राणिसंग्रहालय, रिव्हर वंडर्स, बर्ड पॅराडाइज, नाइट सफारी... एकच करायचं तर कोणतं?

प्राणिसंग्रहालय. दोन वर्षांच्या मुलाला लांबचा प्राणी दिसतच नाही, तुम्ही बोट दाखवता आणि ते तुमच्या बोटाकडे बघतं. इथे फ्रॅजाइल फॉरेस्ट या बंदिस्त जंगलात फुलपाखरं आणि लेमूर अगदी जवळून दिसतात. खातिब स्टेशनहून थेट बस आहे. सकाळी जमेल तितक्या लवकर पोहोचा आणि आधी प्राणी बघा. पाण्यात खेळायची जागा शेवटी, कारण ती आधी दिसली तर पुढचं काही बघायला पोर तयार होणार नाही. कपड्यांचा जादा जोड, टॉवेल आणि पाण्यात चालणारा डायपर जवळ ठेवा. साधा डायपर पाणी पिऊन फुगतो आणि ओघळतो. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

पाऊस असेल तर रिव्हर वंडर्स घ्या. बराच भाग छताखाली आहे आणि मोठ्या काचेमागून पोहणारे मॅनेटी (संथ, गलेलठ्ठ जलचर) बघताना मुलं खिळून बसतात. नाइट सफारी सव्वासातला सुरू होते. अंधारात ४० मिनिटं ट्राममध्ये गप्प बसणं हे मोठ्यांचं सुख आहे. न्यायचंच असेल तर पहिल्या दोन रात्रींतच न्या.

प्रश्न : युनिव्हर्सल स्टुडिओज?

चार वर्षांखालच्यांना फुकट आहे, पण बहुतेक मोठ्या राइड्सना उंचीची अट असल्यामुळे मूल आणि एक पालक बाहेरच उभे राहतात. तिकिटं वाचवा. त्याच पैशात सेंटोसा बेटावरचा समुद्रकिनारा आणि ओशनेरियम (मोठं मत्स्यालय) होतं. बेटावरच्या बस आणि किनाऱ्यावरची शटल गाडी फुकट आहेत.

फुकटातलं आणखी एक : बोटॅनिक गार्डन्समधली जेकब बॅलस बालबाग. इथे सोबत मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. गार्डन्स बाय द बेमध्येही लहानग्यांसाठी पाण्याची बाग आहे. दोन्ही सोमवारी बंद असतात.

प्रश्न : मुलगी वरण-भाताशिवाय काही खात नाही. घरून काय न्यावं?

कोरडा, गरम पाण्यात होणारा पदार्थ : उपम्याचं किंवा पोह्यांचं तयार मिश्रण, नाचणीचं सत्त्व. हॉटेलच्या किटलीत खिचडी शिजवू नका. पेज उतू जाते, तळाशी करपते आणि भरपाई तुमच्याकडून घेतात. लिटल इंडियात इडली, दहीभात सहज मिळतो. बाकी फूड कोर्टात नुसता पांढरा भात वेगळा मागता येतो, दही सुपरमार्केटमधून घ्या. शाकाहारी असाल तर भाजीत सुक्या कोळंबीचं वाटण आहे का, हे नाव घेऊन विचारा. ‘व्हेज’ एवढं म्हणून भागत नाही. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा राखीव समजतात, आणि खाऊन झाल्यावर ट्रे आपणच परत ठेवायचा असतो.

खसखस मात्र बॅगेत नको. सिंगापूरमध्ये ती निषिद्ध आहे, म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेले डिंकाचे लाडू घरीच राहू द्या.

प्रश्न : उन्हाचा त्रास होईल याची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे सावलीसाठी स्ट्रोलरवर ओढणी टाकणं. आत हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा जास्त तापते. त्याऐवजी स्ट्रोलरचंच छत आणि चिमट्याने अडकवायचा छोटा पंखा वापरा. पंख्याला जाळी बारीक हवी, बोट जाता कामा नये.

दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी. तिथलं नळाचं पाणी थेट पिता येतं. सहा तासांत डायपर ओला झाला नाही, तोंड सुकलं, मूल मलूल झालं तर थांबू नका, डॉक्टर गाठा. जुलाब झाले तर ओआरएस द्या, पण लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच. अर्धी बाटली पाण्यात अख्खी पुडी घातली की मीठ जास्त होतं आणि उपायच अपाय ठरतो.

तापाचं औषध घरूनच न्या आणि बालरोगतज्ज्ञांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. ‘पाच एमएल’ एवढंच लक्षात ठेवलं तर घोटाळा होतो, कारण थेंबांच्या बाटलीत औषध दाट असतं, सिरपमध्ये पातळ, आणि तिथे विकत घेतलेली बाटली आणखी वेगळी असू शकते. रात्री-अपरात्री गरज पडली तर लिटल इंडिया स्टेशनजवळच्या केके महिला व बाल रुग्णालयात मुलांचा आपत्कालीन विभाग चोवीस तास चालू असतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५.