साधे, ९५ की १००? पेट्रोलच्या आकड्यांविषयी वाचकांच्या शंका

या महिन्यात पेट्रोलच्या ऑक्टेनविषयी इतकी पत्रे आली की, टायर आणि बॅटरी यांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी बाजूला ठेवावे लागले. एकाच आशयाच्या पत्रांपैकी एकेकच येथे निवडले आहे.

प्रश्न : पंपावर गाडी उभी केली की पहिला प्रश्न येतो, ‘साधं की पॉवर?’ माझी गाडी चार वर्षांची, १.२ लिटर इंजिनाची, टर्बो नसलेली छोटी गाडी आहे. महाग पेट्रोल भरले की गाडीची ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, असे कार्यालयातील सहकारी खात्रीने सांगतात. नेहमी तेच भरावे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘किमान ९१’ असे लिहिले असेल, तर साधे पेट्रोल तिला पुरेसे आहे.

गोंधळाचे मूळ बरेचसे नावांत आहे. ‘पॉवर’, ‘स्पीड’ ही विक्रीसाठी दिलेली नावे आहेत. ऑक्टेनचा आकडा मात्र ताकदीचा नाही, की पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे याचाही नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पिस्टनने दाबले की ते तापते, मग ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. ज्योत पोहोचण्याआधी कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआपच पेटले, तर सिलिंडरमध्ये दाबाचा हादरा बसतो आणि ‘नॉकिंग’चा तो खडखडाट ऐकू येतो. असे आपोआप पेटणे पेट्रोल किती काळ टाळू शकते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. हे माप तुलनेने ठरते : आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० गुण दिले आहेत, आणि जे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते, ते ९१ ऑक्टेनचे. म्हणून १०० ऑक्टेन म्हणजे ‘शंभर टक्के शुद्ध’ आणि ९१ म्हणजे नऊ टक्के भेसळ, हा काही पत्रांतून दिसलेला समज निव्वळ गैरसमज आहे.

आपल्या इंजिनात ९१च्या पेट्रोलवर नॉकिंग होतच नसेल, तर ९५ने टाळायचे तरी काय? हिशेबही करून पाहू. साधे पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि महागडे ११२ रुपये धरले, तर १६ किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या गाडीने महागड्या पेट्रोलवर १७.२ किलोमीटर दिले तरच आपण बरोबरीत येतो. एवढी वाढ अशा इंजिनात केवळ ऑक्टेनमुळे होत नाही. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, स्वच्छ ठेवणारी रसायने महागड्या पेट्रोलमध्ये अधिक घातलेली असू शकतात आणि त्यांचा थोडा उपयोगही असतो. परंतु तो ऑक्टेनचा गुण नव्हे. एकेकाळी आपल्याकडे आकर्षक नावाने विकले जाणारे काही पेट्रोल ९१ ऑक्टेनचेच होते, त्यात भर होती ती रसायनांची. म्हणून पंपावर नाव न वाचता आकडा वाचावा. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या भारत स्टेज ६ च्या इंधन-मानकात साध्यासाठी किमान ९१ आणि वरच्या प्रतीसाठी किमान ९५ असे दोन आकडे आहेत. १००च्या आसपासची इंधने त्यांच्याही वरची.

प्रश्न : माझ्या नव्या टर्बो गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत ‘९५’ असा आकडा असून त्याखाली ‘किमान ९१’ असेही लिहिले आहे. यातील कोणता खरा मानावा? १०० ऑक्टेनचे भरल्यास अधिक चांगले का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही खरे आहेत. इंजिनाची जाहीर केलेली ताकद ९५वर मिळते, आणि ९१वर इंजिनाला इजा होत नाही, असा त्याचा अर्थ. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून कोंबलेली असते, त्यामुळे नॉकिंगचा धोका अधिक. यावर उपाय म्हणून इंजिनाच्या ठोकळ्यावर कंपने ओळखणारा एक सेन्सर बसवलेला असतो. खडखडाट सुरू होताच तो संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, परंतु ताकद आणि ॲव्हरेज यांची थोडी किंमत मोजावी लागते. शहरातील संथ रहदारीत हा फरक आपल्याला जाणवणारही नाही. नागपूरच्या मे महिन्यात मात्र, चार माणसे आणि सामान भरून, एसी चालू ठेवून महामार्गावर ओव्हरटेक करताना तो जाणवतो, कारण हवा जितकी तापलेली तितके मिश्रण लवकर पेटण्याच्या बेतात असते. माझा सल्ला असा की, एरवी खिशाला पटेल ते भरावे आणि उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासाला ९५ भरावे. ज्या गाडीवर केवळ ‘९५’ असून खाली दुसरा आकडाच नाही, तिच्या बाबतीत ही सवलत नाही.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल साध्याच्या साधारण दीडपट भावाने मिळते. गाडीच्या पुस्तिकेने ९७-९८ मागितले असेल, तरच ते भरण्यात अर्थ आहे. निर्मात्याने संगणकाला ९५पर्यंतचाच लाभ घ्यायला शिकवले असेल, तर वरच्या पाच अंकांचे पैसे धुराबरोबर जातात.

केवळ ‘कॉम्प्रेशन रेशो’, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पटीने दाबतो ते गुणोत्तर, पाहून पेट्रोल ठरवणाऱ्या वाचकांनाही येथेच उत्तर देतो. दहाच्या वर गुणोत्तर गेले की ९५ हवेच, हा जुना ठोकताळा आता चालत नाही. थेट सिलिंडरमध्ये फवारणी, झडपांच्या वेळा बदलण्याची सोय आणि सुधारलेले कूलिंग यांमुळे १२च्या घरातील गुणोत्तर असलेली इंजिनेही आज ९१वर सुखाने चालतात.

प्रश्न : माझी गाडी २००८ची आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो की, चौथ्या गिअरमध्ये इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. सपाटीवर आवाज नाही. मेकॅनिक म्हणतो, १०० ऑक्टेन टाका. टाकावे काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी गिअर बदलून पाहावा, कारण तो फुकट आहे. आपल्याकडे ॲव्हरेजच्या ओढीने वरच्या गिअरमध्येच गाडी रेटण्याची सवय फार आहे. चढावर, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाला रडवले की सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर शिरते, पिस्टन सावकाश हलतो आणि कोपऱ्यातील मिश्रणाला आपोआप पेटायला पुरेसा वेळ मिळतो. तिसऱ्यात, गरज पडल्यास दुसऱ्यात उतरल्यावर फेऱ्या वाढतात, तो वेळ कमी होतो आणि पुष्कळदा आवाज तेथेच थांबतो.

तरीही आवाज राहिला, तर एकदाच टाकी जवळजवळ रिकामी करून ९५ भरावे आणि त्याच घाटात, तेवढ्याच ओझ्याने गाडी चढवून पाहावी. ही परीक्षा आहे, उपचार नव्हे. आवाज गेला, तर ते नॉकिंगच होते आणि आता प्रश्न असा की, जी गाडी इतकी वर्षे साध्यावर चढत होती, तिला आज अधिक ऑक्टेन का लागते? एवढ्या जुन्या इंजिनात बहुधा पिस्टनच्या माथ्यावर कार्बन बसलेला असतो. तो जागा अडवतो म्हणून दाब वाढतो, आणि त्याचे तापलेले कण ठिणगीचे काम स्वतःच करू लागतात. चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे त्या इंजिनासाठी फार तापणारा स्पार्क प्लग, अर्धवट तुंबलेला रेडिएटर किंवा ठिणगीचे बिघडलेले टायमिंग हीही कारणे असतात. ती दुरुस्त न करता जन्मभर महाग पेट्रोल भरणे म्हणजे छप्पर गळते म्हणून दर पावसाळ्यात नवी बादली विकत घेणे होय.

आवाज मुळीच बदलला नाही, तर तो नॉकिंगचा नाहीच, असे समजून अन्यत्र शोध घ्यावा. हे मी अनुभवाने सांगतो : एका उन्हाळ्यात माझ्याच गाडीतील अशा आवाजावर मी दोन टाक्या महाग पेट्रोल जाळले आणि शेवटी सायलेन्सरच्या पाइपावरील उष्णतारोधक पत्रा सैल झालेला निघाला. एका क्लॅम्पने काम झाले.

प्रश्न : आम्ही ऊस उत्पादक आहोत, त्यामुळे इथेनॉलविषयी आमची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉलने ऑक्टेन वाढतो असे सांगतात, मग २० टक्के मिश्रणावर माझ्या २०१४च्या गाडीचे ॲव्हरेज कमी का झाले? ९५ भरले तर इथेनॉल टळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे आणि आपल्याला आलेला अनुभवही खरा आहे, कारण ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास आहे. परंतु एका लिटर इथेनॉलमधील उष्णता एका लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. पाचवा हिस्सा इथेनॉल असेल, तर लिटरमागील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही, मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींबाबत ६ ते ७ टक्के घटीचाच अंदाज दिला आहे. म्हणजे १६ किलोमीटर देणारी गाडी १५ वर आली, तर ती बिघडली असे समजू नये.

वाढीव ऑक्टेनचा लाभ उठवायचा तर इंजिनच अधिक दाबाचे घडवावे लागते, आणि आपल्या गाडीचे इंजिन घडून गेलेले आहे. ९५ भरल्याने इथेनॉल टळत नाही, कारण ९५च्या पेट्रोलमध्येही ते मिसळलेले असते. आपल्या गाडीसाठी खरा प्रश्न ऑक्टेनचा नसून इथेनॉलने खराब होऊ शकणाऱ्या रबरी नळ्या आणि गॅस्केटांचा आहे. पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या आवर्जून तपासून घ्याव्यात.

जाता जाता : ऑक्टेन वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय १९२१मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना सापडला होता, तो म्हणजे पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालणे. ते विष हवेतून काढायला जगाला अनेक दशके लागली. आपल्या देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्या तुलनेत उसाचा मार्ग पुष्कळच सौम्य म्हणावा लागेल.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला आलो आहोत. येथे तो गाडीत ८७ ऑक्टेनचे पेट्रोल भरतो. अमेरिकेतील पेट्रोल आपल्यापेक्षा हलके कसे?
– एक वाचक, मूळ ठाणे

उत्तर : हलके नाही, मोजपट्टी निराळी आहे. चाचणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालवतात, तिचा आकडा आपण आणि युरोप वापरतो. दुसरीत ९०० फेऱ्या आणि बरेच तापवलेले मिश्रण असते, त्यामुळे त्याच पेट्रोलचा आकडा साधारण आठ-दहाने कमी येतो. अमेरिकेतील पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तेथील ८७ म्हणजे आपले साधारण ९१-९२, आणि तेथील ९३ म्हणजे आपले ९७-९८. चिरंजीव योग्य तेच भरत आहेत. न्यू जर्सीत कायद्याने ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही, तेव्हा तेथेही पंपावरील माणूस काच खाली करायला लावून ‘रेग्युलर?’ असे विचारतो. होकार द्यायला हरकत नाही, मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे एकदा पाहून ठेवावे.

प्रश्न : अर्धी टाकी ९१ची असताना वर ९५ भरले तर काही बिघडते का? आणि बाटलीतून मिळणारे ‘ऑक्टेन बूस्टर’ घालावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बिघडत काहीच नाही. सारख्या प्रमाणात मिसळल्यास साधारण ९३ होते. ९५ मागणारी गाडी आडगावात ९१वर भरावी लागली, तर ती टाकी संपेपर्यंत जोर न देता चालवावी आणि पुढे ९५ मिळताच भरून घ्यावे. बाटलीवर ‘ऑक्टेन ५ पॉइंटने वाढेल’ असे लिहिलेले असते, तेथे पॉइंट म्हणजे बहुधा दशांश असतो, म्हणजे ९१चे ९१.५. ती बाटली दुकानातच राहू द्यावी.