हुज्जत घालावी, पण कशी? : बास्केटबॉलप्रेमी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : बास्केटबॉलवर मनापासून प्रेम करणारी माणसे फोनवर एकमेकांशी इतके कडवट का बोलतात, आणि ते थांबवायचे कसे. हा विषय मला स्वतःला जवळचा असल्याने या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५१ असून मी माटुंग्याला राहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीएतील, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील, संघांचे दोन सामने झाले, त्यानंतर आम्ही काही मित्रांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. आज त्यात दोनशेहून अधिक सदस्य आहेत. नागपाड्यातील जुने खेळाडू आहेत, कॉलेजची मुले आहेत, शाळांत शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. एनबीएच्या खेळाडूंत जुन्या पिढीचा मायकल जॉर्डन मोठा की नंतरचा लेब्रॉन जेम्स, हा वाद पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यात मजाही होती. आता मात्र सकाळी सामना संपला की तासाभरात वाद एकमेकांच्या वयावर, शिक्षणावर, राहत्या वस्तीवर आणि क्वचित धर्मावरही घसरतो. गेल्या महिन्यात तीन चांगली माणसे काही न बोलता ग्रुप सोडून गेली. सर्वांत बोचरे लिहिणारा सदस्य माझा शाळेपासूनचा मित्र आहे. नियम केले तर ग्रुप थंड पडेल आणि न केले तर फुटेल, असे वाटते. शिवाय कोणी पोलिसांत तक्रार केली तर ॲडमिन म्हणून मीच अडकेन का, ही धास्तीही आहे.

उत्तर : काही न बोलता निघून गेलेल्या त्या तिघांपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. त्यांना मेसेज न पाठवता प्रत्येकाला स्वतंत्र फोन करा आणि नेमके कोणते वाक्य वाचून त्यांनी ग्रुप सोडला, एवढेच विचारा. तुमच्या मनात जी वाक्ये आहेत त्यांहून वेगळीच वाक्ये ऐकायला मिळण्याचा संभव मोठा आहे. कारण बोचरा शब्द ज्याला बोचतो त्यालाच नीट आठवतो, आणि मूळ अपमानापेक्षा त्याखाली इतरांनी टाकलेली हसरी तोंडे पुष्कळदा अधिक जिव्हारी लागतात. नियम करायचे ते या तीन फोनवर मिळालेल्या उत्तरांवरून करा.

नियमांमुळे ग्रुप थंड पडेल, ही भीती मात्र मला पटत नाही, आणि ती का पटत नाही याचे कारण या खेळाच्या जन्मातच आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल शोधून काढला तो हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडल्यामुळे आवरेनाशा झालेल्या अठरा तरुणांच्या वर्गासाठी. सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून त्याने तेरा नियम लिहिले. त्यांतील पाचवा नियम सांगतो की खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे किंवा मारणे चालणार नाही. पहिल्या वेळी तो फाऊल धरला जाईल, दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर बसेल, आणि समोरच्याला इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर तो संपूर्ण सामन्यातून बाद होईल. हा नियम होता म्हणून त्या दांडगट मुलांना एकमेकांशी खेळता आले.

धक्का आणि इजेचा हेतू यांच्यात नेस्मिथने जी फारकत केली, तीच तुमच्या ग्रुपला हवी आहे. ‘अटीतटीच्या क्षणी लेब्रॉन चेंडू दुसऱ्याकडे देऊन मोकळा होतो’ हे वाक्य त्याच्या चाहत्याला कितीही झोंबले तरी तो खेळाचा भाग आहे आणि त्याला हात लावू नका. ‘तू काल जन्मलास, तुला जॉर्डन काय कळणार’ हा फाऊल आहे. त्यासाठी खासगीत एकदा सांगावे, आणि पुन्हा घडल्यास पुढच्या सामन्यापर्यंत त्या सदस्याला ग्रुपबाहेर ठेवून परत घ्यावे, मात्र परत घेण्याचा दिवस बाहेर काढतानाच सांगावा, म्हणजे त्याला हाकलल्यासारखे वाटणार नाही. एखाद्याच्या धर्मावर, जातीवर, वस्तीवर किंवा घरच्या माणसांवर जाणे हा उघड इजेचा हेतू आहे. तिथे दुसरी संधी नाही.

वस्तीचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून थोडे अधिक लिहितो, कारण ते वाचून मला वाईट वाटले. मुंबईच्या बास्केटबॉलवर नागपाड्याचे मोठे ऋण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस उभे केले, दाटीवाटीच्या चाळींमधल्या मुलांच्या हाती हा खेळ आला, आणि त्याच मोहल्ल्यातून भारताचे कर्णधारपद भूषवणारे आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर घडले. या शहरात बास्केटबॉलवर प्रेम करणाऱ्याने त्या वस्तीचे नाव हिणवण्यासाठी वापरावे, ही गोष्ट मला कोणत्याही शिवीपेक्षा अधिक लागते. ग्रुपमधील जुन्या खेळाडूंना दर रविवारी एक आठवण लिहायला सांगा. त्यांच्याकडे जे सांगण्यासारखे आहे ते त्या कॉलेजच्या मुलांना दुसरीकडे कुठेही वाचायला मिळणार नाही.

आता तुमच्या मित्राविषयी. नेस्मिथच्या मूळ नियमांत दोन अधिकारी होते : एकाने माणसांचा न्याय करायचा आणि दुसऱ्याने चेंडूचा. तुम्ही दोन्ही कामे एकट्याने करता, वर स्वतः वादातही उतरता, त्यामुळे मित्राला टोकले तर पक्षपात न करण्याचे नाटक वाटते आणि न टोकले तर उघड पक्षपात दिसतो. माणसांकडे पाहण्याचे काम दोघांवर सोपवा, एक जुन्यांपैकी आणि एक तरुणांपैकी. दोन महिने त्यांनी जॉर्डन-लेब्रॉनच्या वादात बोलू नये आणि मग पाळी बदलावी. तरीही मित्राशी पहिले बोलणे तुम्हीच केले पाहिजे, तेही समोरासमोर, चहा घेता घेता, आणि त्यात त्याच्या स्वभावावर व्याख्यान नको. ‘जॉर्डनबद्दल तू हवे ते लिही, पण त्या मुलाच्या शिक्षणाबद्दल लिहिलेस ते ग्रुपवर मागे घे,’ इतके नेमके मागणे ठेवा. शाळेपासूनची मैत्री एवढे सोसते.

कधी मध्ये पडावे, हेही महत्त्वाचे आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी डेट्रॉइटजवळ तिथला पिस्टन्स संघ आणि याच पेसर्सच्या सामन्यात शेवटचे मिनिट उरले असताना रॉन आर्टेस्टने बेन वॉलेसला जोरात फाऊल केला. वॉलेसने त्याला ढकलले, कोणीतरी प्रेक्षकांतून पेयाचा पेला आर्टेस्टवर फेकला, आर्टेस्ट प्रेक्षकांत घुसला आणि हाणामारी पेटली. नऊ खेळाडूंवर मिळून १४६ सामन्यांची बंदी आली. यातील प्रत्येकाला आपण फक्त आधीच्याला उत्तर देत आहोत, असेच वाटले असणार. तुमच्या दोघा पंचांनी पेला फेकला जाण्याची वाट पाहू नये. पहिले ढकलणे दिसताच, म्हणजे वाक्याचा कर्ता खेळाडूऐवजी ‘तू’ झाला की लगेच, शिट्टी वाजवावी.

आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवातून सांगतो. माणसे एकमेकांवर घसरतात ती बहुधा बोलण्यासारखे संपल्यावर. जॉर्डन सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा जिंकला, लेब्रॉन दहा वेळा गेला आणि चार वेळा जिंकला, इतके सांगून झाले की दोन्ही बाजूंची पोतडी रिकामी होते. वास्तविक दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एक जण ऐन भरातील उंची मोजतो, तर दुसरा कारकिर्दीची लांबी, जिच्यामुळे लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतील ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला. म्हणून वाद सुरू करणाऱ्याने आपण काय मोजत आहोत ते आधी लिहावे, असा प्रघात पाडा. मग जुन्या काळाकडेही वळता येईल : एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली, आणि ब्लॉक (टोपलीकडे फेकलेला चेंडू अडवणे) व स्टील (समोरच्याकडून चेंडू हिसकावणे) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली, त्यामुळे अकरा अजिंक्यपदे मिळवणाऱ्या बिल रसेलने किती फटके अडवले याचा अधिकृत आकडाच नाही. अशा प्रश्नावर आठवडाभर भांडता येते आणि कोणाच्या शिक्षणाची आठवण होत नाही.

कायद्याबाबत थोडक्यात : सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. तरीही धर्मावरून चिथावणारा मजकूर दिसताच तो सर्वांसाठी काढून टाका. ॲडमिनला ती सोय उपलब्ध आहे.

प्रश्न : मी बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जातो. सामन्याचे रेकॉर्डिंग रात्री घरी पाहतो, पण सकाळी गाडीत फोन उघडताच ग्रुपवर निकाल दिसतो. तक्रार केली तर ‘मग ग्रुप बघू नकोस’ असे सांगतात. माझे चुकते का?

उत्तर : तुमचे चुकत नाही, आणि त्यांचा आनंदही खोटा नाही. थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कमधील संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो आणि लॉस एंजेलिसमधील साडेसातचा सकाळी नऊला, म्हणजे ज्याला कामावर जायचे आहे त्याला तो थेट पाहणे जवळजवळ अशक्यच असते. थेट पाहणाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप काढा आणि मुख्य ग्रुपवर रात्री दहापर्यंत गुण, निकाल किंवा विजयाचे फोटो टाकू नयेत, असे ठरवून घ्या. विनंती करताना चिडून लिहू नका. किती जण रात्री पाहतात, ते आधी मोजून सांगा.

प्रश्न : मी मुलुंडला राहते, कॉलेजच्या संघातून खेळले आहे आणि आता लहान मुलींना शिकवते. आमच्या ग्रुपवर महिलांच्या सामन्याचा विषय काढला की ‘डंक मारता येत नाही तो कसला बास्केटबॉल’ (डंक म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणे) अशी वाक्ये आणि त्याहून वाईट स्टिकर येतात. आक्षेप घेतला की ‘मस्करी होती, मनावर घेऊ नका’ असे उत्तर मिळते. मी बोलणे सोडून द्यावे का?

उत्तर : कृपा करून सोडू नका. परंतु प्रत्येक स्टिकरला उत्तर देण्याचे ओझेही तुमच्या एकटीच्या खांद्यावर नसावे, आणि याबाबत मी त्या ग्रुपमधील पुरुषांना दोष देतो, विशेषतः वाचून गप्प राहणाऱ्यांना. मस्करी दोघांनी हसावी अशी असते. जिच्यावर ती केली तिला हसू आले नाही, तर करणाऱ्याने मागे घ्यावी. मनावर घ्यायचे की नाही, हे तिला शिकवण्याचा अधिकार त्याला नाही.

डंकच्या मुद्द्याला मात्र खेळाच्या भाषेत उत्तर देता येते. खेळ सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजमध्ये तो मुलींना शिकवला. म्हणजे महिलांचा बास्केटबॉल पुरुषांच्या बास्केटबॉलइतकाच जुना आहे, ऑलिंपिकने मात्र पुरुषांना १९३६ मध्ये आणि महिलांना थेट १९७६ मध्ये जागा दिली. राहिला डंक, तर मुंबईच्या कोर्टांवर डंक मारू शकणारे पुरुष तरी किती भेटतात? ग्रुपवर टिंगल करणाऱ्यांना भारताकडून खेळलेल्या पुण्याच्या शिरीन लिमयेचा एखादा संपूर्ण सामना पाहण्याचे आव्हान द्या आणि तिच्या खेळातील एक चूक व एक कौशल्य लिहून पाठवायला सांगा. जे खरोखर खेळ पाहतात ते लिहितील. स्टिकर टाकणाऱ्यांसाठी ॲडमिनकडे लेखी तक्रार करा, आणि ती एकटीने करण्याऐवजी ग्रुपमधील निदान दोन जणांना सोबत घेऊन करा.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. आमच्या क्लबच्या सामन्यात शेवटच्या क्षणी एका मुलाचे दोन्ही फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे, कोणी न अडवता रेषेवरून मारायचे फटके) चुकले आणि आम्ही एका गुणाने हरलो. मी त्याचा व्हिडिओ विदूषकाच्या स्टिकरसह टीमच्या ग्रुपवर टाकला, तो पुढे इतर ग्रुपांवरही गेला. तेव्हापासून तो सरावाला येत नाही. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : तू हे लिहिलेस, त्याअर्थी तुला काय करायचे आहे ते अर्धे कळलेलेच आहे. व्हिडिओ काढून टाक आणि ज्या ज्या ग्रुपवर तो गेला तिथे स्वतःच्या नावाने लिही की हा मी टाकला होता, ते चूक होते, कृपया काढून टाका. अपमान चारचौघांत झाला असेल तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. ‘पण’ हा शब्द तिच्यात येऊ देऊ नकोस, आणि ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असेही लिहू नकोस, कारण त्याला वाईट वाटलेच आहे.

मग त्याच्या घरी जा. एनबीएतील शकील ओ’नीलने आपल्या कारकिर्दीत जवळजवळ निम्मे फ्री थ्रो चुकवले आणि तरी चार अजिंक्यपदे मिळवली, हे त्याला सांगावेसे वाटेल, पण पहिल्या भेटीत ते नको. त्या दिवशी त्याचे ऐकून घे, त्याने दार लावून घेतले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तुमच्या प्रशिक्षकांनाही सगळे स्वतःहून सांग, म्हणजे त्याला परत आणण्याची जबाबदारी त्यांनाही घेता येईल. आणि तो सरावाला येईल त्या दिवशी अर्धा तास आधी कोर्टवर पोहोच, तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की रिंगखाली जाऊन थांब, आणि त्याचा प्रत्येक चेंडू, रिंगमध्ये गेलेला आणि चुकलेला, उचलून त्याच्या हातात दे.