मध्ययुगीन फ्रेंचवर पीएच.डी. करायला पॅरिसला यावं का?

पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए. केलंस, आता मध्ययुगीन साहित्यावर पीएच.डी.साठी पॅरिसला यावं का, असं विचारलंस. जरूर ये. फक्त इथे बराचसा वेळ हस्तलिखितांत जातो, हे धरून चल.

बाराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये कर्त्याचं आणि कर्माचं रूप वेगळं असे. ते व्याकरण आणि थोडं लॅटिन तिथूनच शिकून ये. लिपीचा सरावही तिथेच कर. बाराव्या शतकातला कवी क्रेतिएं द त्र्वा याच्या पद्य कादंबऱ्यांची गियो नावाच्या लेखनिकाने केलेली प्रत, ‘फ्रांसे 794’ या क्रमांकाची, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संकेतस्थळावर आहे. रोज थोडी उतरवून काढ आणि छापील आवृत्तीशी ताडून बघ. डिजिटल प्रत असलेलं मूळ हस्तलिखित त्या ग्रंथालयाच्या रिशल्यू इमारतीतल्या वाचनकक्षात सबळ कारणाशिवाय देत नाहीत, त्यामुळे इथे आल्यावरही सुरुवात पडद्यावरच होते.

खरा वाद कळला पाहिजे तो संपादनाचा, म्हणजे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींवरून छापायची संहिता कशी ठरवायची याचा. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच अभ्यासक गास्तों पारिस जर्मनीत शिकून आले आणि समान चुकांवरून प्रतींची वंशावळ लावून हरवलेली मूळ संहिता गाठायची पद्धत त्यांनी फ्रान्समध्ये रुजवली. त्यांचेच शिष्य जोझेफ बेदिए. ‘ले द लाँब्र’ हे काव्य त्यांनी 1890 मध्ये त्याच पद्धतीने संपादित केलं. 1913 मध्ये पुन्हा हाती घेतलं तेव्हा त्यांना दिसलं, की संपादकांच्या वंशावळींना जवळजवळ नेहमी दोनच फांद्या फुटतात; त्या दोघींत पाठ वेगळा असला की बहुमत लागत नाही, म्हणजे शेवटी निवड संपादकाच्या आवडीवरच येते. मग एकच चांगली प्रत घ्यावी आणि तिला शक्य तितका कमी हात लावावा, असं ते म्हणू लागले. फ्रान्समध्ये आजही त्यांचंच वजन जास्त, आणि मलाही तेच पटतं. पण दुसरी, वंशावळीची बाजू समजून घ्यायला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतली सुकथनकरांची आदिपर्वाची 1933 ची प्रस्तावना वाच. भांडारकर संस्थेचं ते काम तुझ्या घराजवळचं आहे आणि इथले प्राध्यापक त्याबद्दल आवडीने ऐकतात.

आता पैशांचं. डॉक्टोरल कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पीएच.डी.साठीचा पगारी करार, मिळालं तर 3 वर्षं पगार असतो, पण साहित्यात ते सगळ्यांना मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 964 तास नोकरी करता येते; त्यावर पॅरिसचं भाडं निघणं अवघड. पुढे विद्यापीठातल्या जागेसाठी समोर बहुतेक जण आग्रेगासियों ही शिक्षकभरतीची राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण असतात, आणि ती परीक्षा आपल्याला भारतीय पासपोर्टवर देता येत नाही. विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाला मात्र नागरिकत्वाची अट नाही.

मार्गदर्शकाला पत्र लिहिशील तेव्हा विषयासोबत तू स्वतः उतरवलेलं हस्तलिखिताचं एक पान जोड.