वाचकांचे प्रश्न : गाडी नवी, घाट जुनाच

प्रश्न : पुणे ते मुंबई हे रेल्वेने 192 किलोमीटरचे अंतर आहे. ‘वंदे भारत’ आली तरी प्रवासाला तीन तास लागतातच आणि दुपारी लोणावळा लोकलसाठी ताटकळावे लागते ते वेगळेच. मग आधुनिकीकरण नेमके अडते कुठे?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर कर्जत ते लोणावळा या टप्प्यात आहे. 1863 मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ 37 मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे, म्हणून पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागतात. ‘वंदे भारत’ला बँकर लागत नाही, परंतु वळणे, बोगदे आणि उतारावरची वेगमर्यादा तिलाही चुकत नाही. शिवाय पावसाळा आहेच. 2019 मध्ये याच घाटातील मंकी हिल ते नागनाथ दरम्यान मार्गाची इतकी हानी झाली की तेथील एक मार्गिका काही महिने बंद ठेवावी लागली.

दुपारी लोकलसेवेत पडणाऱ्या खंडाचे कारण मात्र वेगळे आहे. रूळ बदलणे, खडी भरणे, ओव्हरहेड वायर तपासणे ही कामे वाहतूक थांबवूनच करावी लागतात आणि त्या थांबवलेल्या वेळेला रेल्वेत ‘ब्लॉक’ म्हणतात. पुणे–लोणावळा दरम्यान लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच दोन मार्गिकांवरून धावत असल्याने ब्लॉक द्यायचा तर कोणाची तरी गाडी रद्द होणारच, आणि बहुधा ती लोकलच असते, हे मला अन्यायाचे वाटते. ब्लॉक पुढे ढकलले तर देखभाल राहून जाते, याचाही विसर पडता कामा नये. चालू मार्गावर काम करणे किती चिवट असते, याचा दाखला मुंबईत मिळतो : तेथे गाड्यांचा वीजपुरवठा 1500 व्होल्ट डीसीवरून (एकदिश प्रवाह) 25 हजार व्होल्ट एसीवर (प्रत्यावर्ती प्रवाह) नेण्याचे काम, लोकल चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने करावे लागले आणि हार्बर मार्गावरील शेवटचा टप्पा 2016 मध्ये पूर्ण झाला. तोवर दोन्ही विद्युतप्रणालींवर चालणारी इंजिने आणि लोकल वापराव्या लागल्या.

म्हणून माझ्या मते पुण्याने नव्या गाडीपेक्षा लोणावळ्यापर्यंतच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा आग्रह धरावा. पिंपरी-चिंचवडमध्ये रुळांलगत वस्ती दाटत चालली आहे. जागेचा प्रश्न जितका लांबेल तितके भूसंपादन महाग आणि विस्थापन अधिक होईल. तोवर दुपारचा खंड अटळ असेल, तर त्या वेळेत तळेगाव, वडगाव, कामशेतच्या विद्यार्थ्यांसाठी आणि कामगारांसाठी पुरेशा बस सोडण्याची मागणी आपण प्रवासी संघटनेमार्फत लेखी करावी.