रात्री अडीचला उठून ब्रोमो बघायचा का?

प्रश्न: मे महिन्याच्या शेवटी आम्ही बालीला चाललोय, मी, नवरा, मुलगा (वय 11) आणि सासूबाई (वय 67). एजंट म्हणतोय दोन दिवस काढून जावा बेटावरचा ब्रोमो ज्वालामुखी करा, पण त्यासाठी म्हणे रात्री अडीचला उठायचं! सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलाला धुराचा त्रास आहे. एवढा आटापिटा करण्यासारखं आहे का हो ते? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आहे. पण अडीचला कशासाठी उठतोय ते नीट कळलं पाहिजे, नाहीतर आमच्यासारखी खरं दृश्य हुकायची वेळ यायची.

आधी प्रवास. बालीहून विमानाने सुराबाया, तिथून गाडीने तीन-चार तासांवर चेमोरो लावांग नावाचं गाव, मुक्काम तिथेच करा म्हणजे झोप थोडी तरी मिळते. जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे असतं हे लक्षात ठेवा, आमच्यातल्या एकाने मोबाईलऐवजी हातातल्या घड्याळावर भरवसा ठेवला आणि बिचारा दीडलाच आवरून बसला. जीप वाळूच्या मैदानातून पेनांजाकन पॉइंटवर नेते, उंची 2770 मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरने जास्त, आणि थंडी अशी की मी बालीचा टी-शर्ट घालून गेले होते आणि शेवटी तिथेच भाड्याने मिळणारं जॅकेट घ्यावं लागलं, त्याला आधीच्या दहा जणांचा वास येत होता ते सोडा. जीप थांबते तिथून थोडं चढून जावं लागतं, सासूबाईंसाठी बाइकवाले मिळतात.

आता मुद्द्याचं. साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो तो पूर्वेला, आणि ज्वालामुखी आहे दक्षिणेला! सगळे मोबाईल उंच करून सूर्याकडे बघत उभे. गोळा वर आला की टाळ्या वाजतात आणि निम्मी गर्दी जीपकडे पळते, आमचा ड्रायव्हर पण 'चला चला' करायला लागला. आम्ही हट्टाने थांबलो म्हणून दिसलं. खाली वाळूच्या मैदानाची सगळी कढई धुक्याने भरलेली, त्यातून हिरवा, चुण्या पडलेला बातोक डोंगर वर आलेला, शेजारी धूर सोडणारा ब्रोमो, आणि मागे जावातला सर्वांत उंच सेमेरू, 3676 मीटर, थोड्या थोड्या वेळाने राखेचा भपकारा सोडतोय. ऊन वरून खाली उतरत येतं तसतसे रंग बदलतात. वीस मिनिटं जास्त थांबायचं असं ड्रायव्हरला आदल्या दिवशीच बजावून ठेवा.

मग खाली वाळूत. जीपपासून घोड्याने पायऱ्यांपर्यंत जाता येतं, पुढे विवराच्या काठापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या. सासूबाईंना पायऱ्या नकोच, खाली वाळूतच टेंगर लोकांचं पुरा लुहुर पोतेन मंदिर आहे, ते बाहेरून बघू दे. हे टेंगर लोक हिंदू, मुसलमान बहुसंख्य जावामध्ये आपला धर्म धरून राहिलेले, आणि ब्रोमो हे नावच ब्रह्मावरून आलंय. कसाडा सणाला ते भाजीपाला, कोंबड्या, बकऱ्या विवरात टाकतात आणि आत उतारावर काही जण जाळी धरून ते झेलायला उभे असतात! वर कड्यावर गणपतीची मूर्ती आहे, सासूबाईंना हे आधी सांगू नका, नाहीतर गुडघे विसरून त्या पायऱ्या चढतील.

मुलाचं मात्र बघा. विवरातून गंधकाची वाफ येते, वारा आपल्याकडे असला की खोकून खोकून जीव जातो, आणि वाळूत घोड्यांची धूळ वेगळीच. त्याला दम्यासारखं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायऱ्यांच्या पुढे नेऊ नका, पॉइंटवरूनच त्याचं समाधान होईल.

सुरक्षिततेचं म्हणाल तर तिथे इशाऱ्याच्या चार पातळ्या आहेत, निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा. पातळी वाढली की विवराजवळ सोडत नाहीत, आणि ड्रायव्हर 'काही होत नाही' म्हणाला तरी ऐकू नका, 2004 मध्ये अचानक स्फोट होऊन तिथे दोन माणसं गेली आहेत. आणि हो, फटाके, धुराच्या कांड्या असलं काही नेऊ नका, 2023 मध्ये कुणाच्या तरी प्री-वेडिंग शूटच्या नादात तिथलं गवताळ रान पेटलं होतं.

मेचा शेवट म्हणजे तिथला कोरडा मोसम, आकाश मोकळं मिळायची शक्यता चांगली. हातमोजे सांगलीतूनच घेऊन जा.