कामगार टिकत नसतील तर वाढदिवसाच्या केकआधी मजुरीच्या दराचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, माणसं दोन-तीन महिन्यांत सोडून जातात. एका शिबिरात ऐकलं की मानवी संबंध सुधारा, वाढदिवस साजरे करा, गोड बोला, मग उत्पादन वाढतं. त्यावर खर्च करावा का?

माझं सगळं आयुष्य सोलापूरच्या मागांवर गेलं, आधी जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून, मग मास्तर म्हणून. वाढदिवस खुशाल करा. पण हा विचार मुळात वेगळाच आहे, आणि तो आपल्याच धंद्यातून आलाय.

मानवी संबंधांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांचं नाव सगळे घेतात. हा विचार ज्याच्या नावानं ओळखला जातो तो एल्टन मेयो त्याआधी, १९२३ साली, फिलाडेल्फियाच्या एका कापड गिरणीत गेला होता. तिथं म्यूल स्पिनिंग (सूतकताईच्या) खात्यात चाळीसेक माणसं कामावर ठेवायची तर वर्षाला शंभरेक भरावी लागायची. बोनसच्या योजना लावून झाल्या होत्या, उपयोग शून्य. मेयोनं माणसांचं ऐकून घेतलं. दिवसभर येरझाऱ्या घालत तुटलेले धागे जोडायचे, पाय भरून यायचे, शेजारच्याशी दोन शब्द बोलायची सोय नाही. मग दहा-दहा मिनिटांची विश्रांती सुरू केली, आडवं पडायलासुद्धा मुभा दिली. उत्पादन वाढलं, पूर्वी कधी न मिळालेला बोनस हातात पडू लागला. पुढं मागणी वाढली तशी एका सुपरवायझरनं विश्रांती बंद केली आणि काही दिवसांतच उत्पादन पुन्हा घसरलं. शेवटी मोठ्या साहेबानं ती परत सुरू करायला लावली. सोलापुरात ऑर्डरची घाई आली की सुट्टी आणि जेवणाची वेळ आधी कापली जाते, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला एक प्रयोग मात्र मालकांनी दोनदा वाचावा असा आहे. तो रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींचा नव्हे. त्यात उत्पादन वाढलं हे खरं, पण मध्येच दोघींना बदललं होतं आणि मजुरी त्या छोट्या गटाच्या कामावर ठरू लागली होती. त्यामुळं श्रेय नेमकं कशाला द्यायचं यावर अभ्यासक आजही भांडतात. मी म्हणतोय तो १९३१-३२ चा, बँक वायरिंग खोलीतला, म्हणजे टेलिफोन एक्सचेंजच्या स्विचांना तारा जोडायच्या खोलीतला. चौदा पुरुष, जास्त काम केलं तर जास्त पैसे. तरी त्यांनी आपसात ठरवलेलं, दिवसाला दोनच नग. जो जास्त करेल त्याला टोमणे, दंडावर गुद्दा. भीती एकच: जास्त निघतंय असं दिसलं की मालक दर कमी करेल, नाहीतर कुणाला तरी घरी बसवेल.

हे आपल्या शेडमध्ये रोज दिसतं. पाळी संपायला तासभर असतो, विणकराचा ठरलेला आकडा भरलेला असतो. तो माग थांबवतो, फडक्यानं तेल पुसत बसतो, कांडीवाल्या (सुताच्या कांड्या भरणाऱ्या) अक्काशी तेलुगूत बोलत बसतो. मालकाला वाटतं आळशी आहे. त्याला मात्र पक्कं आठवतं, की मागं कुणीतरी जोर लावून जास्त डझन काढले होते आणि पुढच्या हंगामात सगळ्यांचा दर उतरला होता. ही आठवण केकनं जात नाही. दर वर्षभर बदलणार नाही असं लिहून शेडच्या दारावर लावा, आणि माल कितीही निघाला तरी तो शब्द पाळा.

दुसरी गोष्ट ऐकून घेण्याची. हॉथॉर्नला १९२८ ते ३० मध्ये वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न विचारायचे; मग लक्षात आलं की माणसाला हवं ते बोलू द्यावं. तक्रार जेवणाची असते, दुखणं दुसरीकडंच असतं. आपल्याकडं कामगार म्हणतो चहा पाणचट आहे, आणि खोदून विचारलं तर निघतं की जॉबर भावकीतल्याचा माग आधी दुरुस्त करतो. मजुरी नगावर असल्यानं माग बंद राहिला की पैसे याचेच बुडतात. म्हणून एक वही ठेवा: माग कधी बंद पडला, जॉबरला कधी सांगितलं, कधी चालू झाला. कामगारानं स्वतः लिहावं. ‘सेकंड’ (सदोष माल) म्हणून बाजूला काढलेला टॉवेल त्याच्यासमोर उलगडून दोष दाखवा, मगच कपात करा.

अहमदाबादेत १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी ऑटोमॅटिक मागांच्या शेडमध्ये कामाची मांडणीच बदलली. ठराविक मागांची जबाबदारी एकेका छोट्या गटाकडं दिली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. तुमच्याकडं आठ-दहा मागांचा एक गट करून बघता येईल, जॉबर आणि कांडीवाली त्यातच धरून. माणसं त्यांनाच निवडू द्या.

उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकू नका. उचल फिटेपर्यंत तो राहतो खरा, पण त्याचं मन दुसऱ्या शेडमध्ये असतं, आणि तिथला मालक उचल भरून त्याला घेऊन जातो. महिनाभर वही चालवा आणि कुठला माग किती बंद राहिला ते इथं लिहा, मग गट कसे पाडायचे ते बोलू.